कार्यकारिणीच्या सल्ल्यावरून

चाचा, तुम्ही गेल्याला आज नऊ दिवस झाले. शुक्रवारी आपल्या मंडळाची शोकसभा आहे. चिटणीस नीलेश काल घरी आला आणि तुमच्यावर मीच लिहायचं, मीच उभं राहून वाचायचं, असं सांगून गेला. मी म्हटलं, "अरे, दीड वर्ष मी त्यांच्याशी धड बोलले नाही. दुसरं कुणी बघ." तो बूट घालता घालता म्हणाला, "वहिनी, कार्यकारिणीने ठरवलंय." तुम्हीच लिहिलेल्या मंडळाच्या घटनेतलं वाक्य माझ्या तोंडावर फेकून गेला. जाताना टेबलावर मंडळाची इतिवृत्ताची वही ठेवून गेला, संदर्भाला लागेल म्हणून.

तुमचं गाव कुठलं, नोकरी कुठे केलीत, बहरीनमध्ये किती वर्षं काढलीत, हे सगळं तुमचा मुलगा सांगणार आहे. मला ते सांगायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते मला पुरं करायचंय. आता तुम्ही उलट उत्तर देणार नाही, तेव्हा निदान एकदा तरी मला मधेच न थांबता बोलता येईल. खरं सांगू, थांबवायला तुम्ही असतात तर बरं झालं असतं.

मंडळ फुटलं होतं तेव्हाचं आठवतं ना? दोन अध्यक्ष, दोन बॅनर, एकाच शुक्रवारी दोन हॉलमध्ये दोन स्नेहसंमेलनं, आणि दोन्हीकडे एकाच केटररची पावभाजी. अर्धी माणसं दोन्हीकडे जेवून आली. शेवटी समेटाची बैठक तुमच्या मनामातल्या जुन्या घरी झाली. तुम्ही भाषांतराच्या कचेरीत कारकून. दिवसभर लोकांचे दाखले आणि करारनामे टाइप करायचे आणि घरी आल्यावर देशोदेशींच्या राज्यघटना वाचायच्या, असा तुमचा विचित्र नाद. चाचींनी चहाचा ट्रे ठेवला आणि दोन्ही अध्यक्ष एकमेकांकडे पाठ करून बसलेले असताना तुम्ही शांतपणे म्हणालात, "अध्यक्ष हवाच. पन त्याला काम नको."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "जगात कितीतरी देश हायत," तुम्ही म्हणालात, "जितं राजा हाय, मुकुट हाय, सगला थाट हाय. पन राज्य कोन चालवतो? लोकांनी निवडलेल्या सभेत ज्याच्या बाजूला जास्त हात वर होतात, तो. राजा त्याला बोलावतो आनि सांगतो, बाबा, तू चालव. सभेचा त्याच्यावरचा विश्वास उडाला की तो घरी. राजा तितंच. आपन तसं करू."

आणि तुम्ही तसंच केलंत. जो सर्वांत आधी बहरीनला उतरला तो अध्यक्ष, निवडणूक नाही, भांडण नाही. कारभार चिटणिसाचा आणि त्याच्या कार्यकारिणीचा. सर्वसाधारण सभेचा पाठिंबा असेपर्यंत त्यांनी राहायचं, पाठिंबा गेला की खुर्च्या रिकाम्या करायच्या. दर घरामागे एक मत. अध्यक्षाला मतच नाही. त्याने कार्यकारिणीच्या सल्ल्यावरून सही करायची, बस. मग कोण आधी उतरलं ते ठरवायला जुने पासपोर्ट काढले, तर तुम्हीच निघालात, दुसऱ्यापेक्षा तीन महिन्यांनी जुने. हे तुम्हाला आधीच माहीत होतं असा मला अजून संशय आहे.

दरवर्षीच्या पहिल्या सभेत तुम्ही भाषण वाचायचात. ते लिहायचा चिटणीस, वाचायचे तुम्ही, कारण राजे लोक तसंच करतात म्हणे. "माझी कार्यकारिणी यंदा रस्सीखेच घेणार आहे," हे वाक्य तुम्ही बहात्तराव्या वर्षी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाचलंत. रस्सीखेच हा शुद्ध गाढवपणा आहे, असं तुम्हाला वाटत होतं. ते मला चाचींनी सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला काय वाटतं ते आम्हाला कळू द्यायचं नाही, ही तुमची शिस्त होती आणि मला तीच सगळ्यात जास्त खुपायची.

ज्या देशात आपण पोट भरतो त्याच्याबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. "आपन हितं पाहुने," एवढंच म्हणायचात आणि पुन्हा लांबच्या थंड देशांतल्या राजाराण्यांकडे वळायचात.

मी तेव्हा शुक्रवारचा मराठी वर्ग घ्यायचे. हमद टाउनमधलं आमचं घर, पुढच्या खोलीत सतरंजी, वीसेक पोरं. आठवडाभर मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या बघायचे आणि शुक्रवारी सकाळी काना, मात्रा, वेलांटी. वर्गात मला सगळे 'मॅडम' म्हणायचे, तुम्ही एकटे 'मास्तरीण'. तुम्ही अमवाजहून, मुलाच्या नव्या घरून, त्याच्या गाडीने यायचात, मागे भिंतीला टेकून बसायचात आणि शेवटची दहा मिनिटं माझ्याकडून मागून घ्यायचात. पोरांना तुमचा तास माझ्यापेक्षा जास्त आवडायचा हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते.

एकदा तुम्ही एका मुलीला मधे बसवलंत, डोक्यावर बिस्किटांच्या पुड्याचा मुकुट. दुसरी प्रधानमंत्री. बाकीची सतरंजीवर म्हणजे संसदेत. प्रधानमंत्रीबाईंनी रोज शाळेला सुट्टी असा कायदा आणला, सगळे हात वर झाले, कागद राणीपुढे आला. तुम्ही राणीला विचारलंत, "आता तू काय करनार?" ती गोंधळली आणि म्हणाली, "नथिंग?" तुम्ही इतके खूश झालात की खिशातला खजूर तिला देऊन टाकलात. "बरोबर. नथिंग. पन ते नीट करायचं. रोज, वेळेवर, आनि तोंड वाकडं न करता." मग तुम्ही तिला सांगितलंत की राणीला एक करता येतं. प्रधानमंत्रीला आत बोलवायचं, दार लावायचं आणि विचारायचं, तू नीट विचार केलास का? पुढे काय होईल ते पाहिलंस का? आणि बाहेर आल्यावर कुणालाही सांगायचं नाही की आत काय झालं. "नेव्हर?" तिने विचारलं. "कदी म्हनजे कदीच नाय," तुम्ही म्हणालात.

पोरं गेल्यावर आपण वाद घालायचो. मी भांडी आवरायचे आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. "मग रबरी शिक्का करून घ्या ना," मी म्हणायचे, "सही करायला जिवंत माणूस कशाला?" तुम्ही म्हणायचात, "शिक्क्याला मान कोन देईल गो? चिटनिसाला लोक शिव्या देतात, आनि द्यायलाच पायजेत, त्याच्या हातात कारभार हाय. पन मान द्यायला पन कोनीतरी लागतो. तो बिनकामाच्या मानसाला द्यायचा. कारभार आनि मान एकाच मानसाकडं गेला की तो बिघडतो. दोन बिघडलेले मी माज्या घरात चहा पिताना बघितलेत." मी विचारायचे, "आणि चिटणीस चुकला तर?" "सभेत जा." "सभाच चुकली तर?" "मग पुढच्या सभेत जा." तुमचं उत्तर यापुढे कधी गेलं नाही. मला ते पळपुटेपणाचं वाटायचं.

मग ती वेळ आली. पोरं मोठी होत गेली, काहींची कुटुंबं परत गेली, विसाची सात झाली. सातही जणं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. नीलेशच्या कार्यकारिणीने ठरवलं की वर्ग बंद करायचा आणि त्याऐवजी सुट्टीत चार दिवसांचं शिबिर घ्यायचं. मला फोनवर कळवलं. सहा वर्षं मी एक शुक्रवार चुकवला नव्हता, गावी गेले तेव्हाचे सोडून. त्या संध्याकाळी मी प्रकाशला म्हटलं, गाडी काढ, अमवाजला जायचंय. माझा नवरा दिवसभर बस चालवून आला होता, तरी काही न विचारता निघाला.

तुम्ही बाल्कनीत बसला होतात. मी सरळ म्हटलं, "चाचा, सही करू नका."

"मला तसं करता येत नाय, मास्तरीण."

"का नाही? घटनेत काय लिहिलंय? 'सल्ल्यावरून.' सल्ला म्हणजे सल्ला. डॉक्टर सल्ला देतो, शेजारीण सल्ला देते. पटला तर घ्यायचा, नाही तर सोडायचा."

तुम्ही चष्मा काढलात. "ती चूक सगलेच करतात. शब्द मऊ हाय म्हनून. आपल्या घटनेत सल्ला म्हनजे ज्याला नाय म्हनता येत नाय तो. ज्या दिवशी मी नाय म्हनेन त्या दिवशी मी कारभार हातात घेतला. आज तुज्यासाठी घेईन, उद्या दुसऱ्या कोनासाठी घेईन. मग मला हटवनार कोन? माजी तर निवडनूकच नाय."

"म्हणजे माझा वर्ग गेला तरी चालेल, तुमचं कलम टिकलं पाहिजे."

तुम्ही चष्मा पुसून परत लावलात. मग म्हणालात, "पंधरा दिवसांनी सभा हाय. तू ये. उभी राहा, बोल."

"मी भीक मागायला येणार नाही," मी म्हटलं आणि उठले. चाचींनी केलेला चहा तसाच राहिला. लिफ्टमध्ये मी रडले. प्रकाश खाली गाडीत झोपला होता, त्याला उठवून मी म्हटलं, आजपासून घरात 'मंडळ' हा शब्द काढायचा नाही. त्याने तो काढला नाही.

सभेच्या शुक्रवारी मी गेले नाही. चार दिवसांनी पत्र आलं. वर्ग बंद, आणि खाली 'कार्यकारिणीच्या सल्ल्यावरून' आणि तुमची सही. मी ते पत्र चार घड्या घालून कपाटात ठेवलं आणि तुमचे फोन उचलणं बंद केलं. ईदला चाचींनी डबा पाठवला, तो मी घेतला, पण आभाराचा फोन प्रकाशला करायला लावला. मला वाटायचं, तुम्ही एक शब्द तरी माझ्या बाजूने बोलला असतात तर पुरलं असतं. वर्ग गेला त्यापेक्षा तुम्ही गप्प बसलात याचा मला जास्त राग होता.

गेल्या महिन्यात तुम्हाला सलमानियाच्या दवाखान्यात ठेवलंय असं कळलं. मी ड्यूटी संपवून तशीच आले. तुम्ही खूप बारीक झाला होतात. मी खुर्ची ओढून बसले आणि तुमच्या नाकातल्या नळीकडे बघत म्हटलं, "मी अजून रागावलेलीच आहे."

"आस की रागावलेली," तुम्ही म्हणालात. "पन राग सभेत आन. हितं नर्स वरडतात." आणि हसलात. हसताना तुम्हाला खोकला आला, मी पाणी दिलं. तुम्ही माझ्या मुलाचं विचारलंत, प्रकाशच्या पाठीचं विचारलंत. मी निघताना तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. मग म्हणालात, "नाय, काय नाय. इंशाल्ला, घरी ये." मी म्हटलं, येईन. माफी मागायची होती की मागून घ्यायची होती, तेही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही राहून गेलं.

तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारच्या नमाजनंतर तुमची माती झाली. प्रकाश खांदा द्यायला गेला, माती दिली, संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या बुटांना धूळ होती. मी ते बूट बाहेरच ठेवायला सांगितले आणि मग आपण हे काय सांगितलं म्हणून मलाच कसंतरी झालं. बूट मीच आत आणून पुसले.

आता कालचं सांगते. नीलेश बूट घालायच्या आधी बराच वेळ बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुमच्या चाचांनी एकदा तरी विचारलं का रे, हा वर्ग का बंद करताय?" तो म्हणाला, "वहिनी, तीन वेळा बोलावलं होतं मला. तीन गुरुवार. दार लावून. मला म्हणाले, तू शिबिरात चार दिवसांत काय शिकवणार ते लिहून आण. मी आणलं. ते वाचून म्हणाले, हे मराठी नाही, ही सहल आहे. मला म्हणाले, या बाईला तू फोनवर कळवलंस, समोर जाऊन सांगायला लाजलास का? घाम फोडला त्यांनी मला. शेवटी म्हणाले, मी तुला अडवणार नाही, पण सभेपुढे नेल्याशिवाय कागद माझ्याकडे आणू नकोस, सभा ठरवेल. मी विचारलं, वहिनींना सांगू का तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात म्हणून? तर म्हणाले, सांगितलंस तर पुढच्या वेळी दार लावून कोण माझ्याशी खरं बोलेल?" एवढं बोलून नीलेशने डोळे पुसले. "आता ते नाहीत म्हणून सांगतोय. तरी चूकच करतोय बहुतेक."

तो गेल्यावर मी वही उघडली. त्या सभेचं पान काढलं. 'मराठी वर्ग बंद करण्याचा ठराव. बाजूने एकोणीस, विरुद्ध अठरा. ठराव मंजूर.' खाली तुमच्या घटनेतलं एक कलम नीलेशने नियमाप्रमाणे उतरवलेलं होतं, जे मी इतक्या वर्षांत कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. मतं समसमान पडली तर ठराव फेटाळला जाईल आणि आहे ते तसंच चालू राहील.

चाचा, मी ते तीनदा वाचलं. एकोणीस, अठरा. आमच्या घराचं मत माझ्या नावावर. मी आले असते, काही न बोलता नुसती मागे बसले असते आणि हात वर केला असता, तरी वर्ग राहिला असता. मी राजाकडे गेले आणि सभेकडे गेले नाही. तुम्ही मला सांगत होतात, जा, जा, आणि मला वाटत होतं तुम्ही मला टाळताय. वर्ग तुमच्या सहीने बंद झालाच नव्हता. आणि हे तुम्हाला त्या शुक्रवारपासून माहीत होतं. माझे दीड वर्षाचे टोमणे, न उचललेले फोन, दवाखान्यातलं ते "मी रागावलेली आहे", हे सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. तुम्ही ते वाक्य माझ्या मनगटावर हात ठेवून गिळलंत.

रात्री जेवायला वाढलं नाही मी. प्रकाशने खबूसची रोटी आणि दही खाल्लं आणि ताट धुऊन ठेवलं.

पण पानाच्या शेवटी अजून एक गोष्ट आहे. हजर नसलेल्यांची यादी. माझ्या नावासमोर नीलेशच्या अक्षरात लिहिलंय, 'न कळवता गैरहजर'. त्यावर एक सरळ रेघ. आणि शेजारी तुमच्या त्या कारकुनी, डावीकडे झुकलेल्या अक्षरात एकच शब्द, 'ड्यूटीवर'.

न कळवता गैरहजर राहिलं तर त्या घराचं मत दोन वर्षं बंद, हे कलम मला पाठ आहे, कारण त्यावरून आपण भांडलो होतो. अध्यक्षाने इतिवृत्तात काना की मात्रा बदलायची नाही, हेही तुमचंच कलम. चौदा वर्षांत तुम्ही तोंड वाकडं न करता नको ती भाषणं वाचलीत, नको त्या कागदांवर सह्या केल्यात, हातात नसलेल्या गोष्टीला बोट लावलं नाहीत. एकदाच लावलंत, आणि ते मी पुढच्या सभेत यावं, मला मत असावं म्हणून. आभार मानते. पण हे तसंच ठेवता येणार नाही. माझ्यामुळे तुमच्या वहीत एक खोटं राहिलेलं मला चालणार नाही, आणि तुम्हालाही ते चाललं नसणार, झोप लागली नसणार तुम्हाला त्या रात्री.

म्हणून शुक्रवारी हे सगळं मी सभेसमोर वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावर खाली बसणार नाही. इतिवृत्त दुरुस्त करायचा अधिकार फक्त सभेला आहे. मी उभी राहून सूचना मांडणार आहे की त्या पानावरची रेघ काढावी आणि नीलेशने लिहिलं होतं तेच ठेवावं. नीलेशला हे ठाऊक असूनही त्याने ती रेघ का चालू दिली, ते त्याचं त्याने सांगावं. माझं मत जाईल. जाऊ दे. वर्ग पुन्हा सुरू करायचा विषय कुणी मांडला तर मला बोलता येईल, हात वर करता येणार नाही.

मी त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते, चाचा. मी घरी होते.